पहिला ट्रॅक डे: सायलेन्सर राहू द्या, आधी ब्रेक ऑइल बदला

प्रश्न:

ताई, माझं वय ४३. रोज ऑफिसला नेतो ती साधी हॅचबॅक आहे, पाच वर्षं वापरलेली. रेसिंगचं वेड शाळेपासूनचं, पण ट्रॅकवर कधी चाक टेकवलेलं नाही. पुढच्या महिन्यात एका ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपलीच गाडी बंदिस्त ट्रॅकवर चालवायच्या दिवसासाठी, नाव नोंदवून बसलोय. एक मित्र म्हणतो, कॉइलओव्हर (उंची-टणकपणा बदलता येणारं सस्पेन्शन), मोठा सायलेन्सर, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) आणि चार पट्ट्यांचा हार्नेस, म्हणजे रेसवाला सीटबेल्ट, बसवल्याशिवाय गेलास तर हसं होईल. दुसरा म्हणतो, काही करू नकोस, पेट्रोल भर आणि जा. पैसे बेताचेच आहेत. १६ वर्षांच्या मुलाला शेजारी बसायचंय. बायकोला मी ‘ड्रायव्हिंगचा क्लास आहे’ एवढंच सांगितलंय. हे जमलं तर पुढच्या वर्षी जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंग ट्रॅकला जायचा बेत आहे. आणि गाडी सोमवारी ऑफिसला हवीच. काय करू?

– एक गाडीवेडा

उत्तर:

तुमचे दोन्ही मित्र चुकताहेत, पण दुसरा जरा कमी. पहिल्याचं ऐकलंत तर खिसा रिकामा होईल आणि गाडी बहुधा आहे त्यापेक्षा वाईट चालेल. दुसऱ्याचं ऐकलंत तर चौथ्या-पाचव्या फेरीत एखाद्या वळणाच्या तोंडाशी ब्रेकचं पेडल थेट खाली जाईल. मी ट्रॅकवर नवशिक्यांच्या शेजारच्या सीटवर बसून शिकवते, त्यामुळे हा दुसरा प्रकार मला नको तितक्या जवळून माहीत आहे.

साध्या गाडीला ट्रॅकवर छळते ती उष्णता. इंजिनाची ताकद कमी पडली म्हणून कुणाचा दिवस वाया गेलेला मी पाहिलेला नाही. ब्रेक तापले, टायर तापले, ऑइल तापलं, नाहीतर चालवणाऱ्याचं डोकं तापलं म्हणून गेलेले दिवस पुष्कळ पाहिलेत. तुमचे बेताचे पैसे कुठे घालायचे याचं उत्तर यातच आहे.

हिशेबच करू. तुमच्यासकट गाडीचं वजन १,२०० किलो धरा. सरळ पट्ट्यात ताशी १६० किलोमीटरला पोचलात आणि पुढच्या वळणासाठी वेग ६० वर आणलात, तर तीन-चार सेकंदांत ब्रेकना सुमारे १० लाख जूल ऊर्जा गिळावी लागते. तेवढ्या ऊर्जेत तीन लिटर पाणी उकळीला येतं. सिग्नलला ताशी ६० वरून थांबता तेव्हा याचा जेमतेम सहावा हिस्सा लागतो, आणि त्यानंतर गाडी निवांत उभी असते. ट्रॅकवर निवांतपणा नाही. लगेच पुढचं वळण, मग त्याच्या पुढचं. शिवाय ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे ही उष्णता मुख्यतः पुढच्या दोन डिस्कच्या वाट्याला येते.

ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात. त्या दोन्ही तऱ्हा पायाला ओळखता आल्या पाहिजेत. पहिलीत पेडल कडकच लागतं, पण गाडी हवी तशी थांबत नाही. म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला आवळणारे पॅड त्यांच्या सोसण्यापलीकडे तापलेत. नाकात झोंबणारा करपट वास येतो, तो एकदा घेतला की पुन्हा विसरायला होत नाही. दुसऱ्या तऱ्हेत पेडल मऊ पडतं, स्पंजासारखं दबतं, आणि अखेर तळाला जातं. इथे पॅडचा दोष नाही, ब्रेक ऑइल उकळलंय. द्रव दाबला जात नाही म्हणून तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की जोर बुडबुडे दाबण्यातच संपतो. अशा वेळी पेडल भराभर दोन-तीनदा पंप केलं तर थोडा दाब परत मिळू शकतो. तेवढ्यावर गाडी सावरायची, वेग कमी ठेवून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, यायचं आणि त्या सेशनपुरतं (ट्रॅकवरच्या त्या पाळीपुरतं) थांबायचं. ‘आता जरा थंड झालं असेल’ म्हणून पुन्हा बाहेर पडू नये. एकदा उकळलेलं ऑइल पुढच्या वेळी आणखी लवकर दगा देतं.

आता तुमच्या गाडीत पाच वर्षांत ब्रेक ऑइल कधी बदललंय? आठवत नसेल, तर पहिला खर्च तोच. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनांक किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. खास ट्रॅकसाठी मिळणारी काही ऑइलं ३०० अंशांच्याही वर टिकतात, मात्र ती लवकर बदलावी लागतात. पहिल्या वेळेला सीलबंद डब्यातलं ताजं, चांगल्या प्रतीचं डॉट ४ किंवा ५.१ पुरे होईल. फक्त आकड्यांच्या साधर्म्याला फसून डॉट ५ ओतू नका. ते सिलिकॉनचं असतं, तुमच्या गाडीतल्या ऑइलशी मिसळत नाही. मेकॅनिकला नुसतं टाकीत भर घालू देऊ नका. चारही चाकांपाशी ब्लीड करून जुनं काळपट ऑइल पूर्ण बाहेर काढायला सांगा आणि जमलं तर शेजारी उभं राहून बघा.

दुसरा खर्च पुढच्या पॅडचा. आत्ता निम्मे झिजलेले असतील तर नवे घाला. जास्त तापमान सोसणारे पण रस्त्यावरही चालणारे पॅड मिळतात, ते घ्या. निव्वळ रेसचे पॅड नकोत; ते तापेपर्यंत नीट धरत नाहीत आणि तुम्हाला सोमवारी सकाळी थंड ब्रेकवरच ऑफिसला जायचंय. नवे पॅड बसवल्यावर डिस्कशी त्यांची घडी बसवावी लागते. मोकळ्या रस्त्यावर वेग कमी-जास्त करत हळूहळू तापवायचे, मग पूर्ण थंड होऊ द्यायचे. हे आठवडाभर आधी उरका. ट्रॅकच्या पार्किंगमध्ये पॅड बदलणारे उत्साही लोक भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

टायर नवे घेऊ नका. ऐकायला उलटं वाटेल, पण रस्त्याच्या टायरची नवी, खोल नक्षी ट्रॅकवर जास्त वळवळते, जास्त तापते आणि तिचे तुकडे उडतात. निम्मी नक्षी उरलेला, बाजूला फुगवटा, चीर किंवा काप नसलेला टायर कोरड्या ट्रॅकवर उत्तम. वय मात्र बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. रबर कडक होऊन बारीक तडे गेलेला टायर घरीच राहू द्या, म्हणजे आधी बदला आणि मग ट्रॅकचं नाव काढा.

हवेचं गणित इथे वेगळं आहे. टायर तापला की आतली हवा फुगते आणि एका सेशनमध्ये दाब सहा-आठ पीएसआयने सहज चढतो. त्यामुळे सकाळी पंपावर भरलेला आकडा ट्रॅकवर फारसा उपयोगाचा नसतो, गाडी आत आल्याबरोबर गरम टायरवर मोजलेला आकडा खरा. एक खडू खिशात ठेवा. सेशनआधी टायरच्या कडेवर, नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, आडवी रेघ ओढा. बऱ्याच टायरवर त्या जागी छोटा त्रिकोणही छापलेला असतो. परत आल्यावर रेघ त्रिकोणाच्याही खालपर्यंत पुसली गेली असेल तर टायर वळणात दुमडतोय, हवा वाढवा. रेघ नक्षीच्या कडेपाशीसुद्धा शाबूत असेल तर हवा जास्त आहे. प्रत्येक वेळी एक-दोन पीएसआय, त्याहून जास्त फेरफार नको. आणि घरी निघताना हवा परत कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणायला विसरू नका. टायर थंड झाल्यावर ती बरीच उतरलेली असते.

आता तुमच्या पहिल्या मित्राची यादी. सायलेन्सरने आवाज वाढेल, आणि अनेक ट्रॅकवर आवाजाची मर्यादा मोजली जाते, म्हणजे पैसे देऊन गेटवरून परत यायची सोय. रिमॅपने ताकद वाढेल, सोबत उष्णताही. कॉइलओव्हर वाईट नसतात, पण त्यांची उंची, टणकपणा, चाकांचा कोन हे सगळं जुळवायला गाडी काय सांगतेय ते आधी कळावं लागतं. ज्याला अजून स्वतःचीच चूक ओळखता येत नाही त्याला सस्पेन्शनची कशी ओळखता येणार?

हार्नेसबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण बाकीच्या गोष्टींनी पैसे जातील, याने जीव जाऊ शकतो. तुमच्या गाडीतला तीन ठिकाणी बांधलेला पट्टा, एअरबॅग आणि सीट यांची रचना एकत्र केलेली असते. धडक बसली की पट्टा थोडा सैल होत छातीला पुढे येऊ देतो आणि एअरबॅग डोकं झेलते. चार पट्ट्यांचा हार्नेस दोन्ही खांदे सीटला जखडून टाकतो. धड जागच्या जागी, डोकं हेल्मेटच्या वजनासकट पुढे. सगळा झटका मानेवर आणि कवटीच्या तळावर. १८ फेब्रुवारी २००१ ला अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत नामवंत रेसर डेल अर्नहार्ट गेले ते कवटीचा तळ फुटून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती शर्यत भरवणाऱ्या नॅसकारने डोकं आणि मान धरून ठेवणारं साधन सक्तीचं केलं, २००३ पासून फॉर्म्युला वनमध्येही हान्स नावाचं असं साधन सक्तीचं झालं. हे हान्स रॉबर्ट हबर्ड यांनी १९८० च्या दशकातच तयार केलेलं होतं, पण बरीच वर्षं चालकांना ते अडचणीचं वाटायचं. शिवाय गाडी उलटून छत दबलं तर साध्या पट्ट्यात माणूस बाजूला कलंडू शकतो, हार्नेसमध्ये ताठ बसलेला असतो. म्हणून हार्नेस हवा तर त्यासोबत योग्य सीट, रोल बार (छत दबू न देणारा लोखंडी सांगाडा), मांड्यांमधून येणारे पट्टे आणि हान्स, हे सगळं मिळून हवं. ते तुम्हाला नको आहे. कंपनीचाच पट्टा लावा, सीट मागे सरकवून पट्टा झटक्यात ओढून लॉक करा आणि मग सीट पुढे आणा म्हणजे तो घट्ट बसेल. बस्स.

वाचलेल्या पैशात हेल्मेट घ्या. स्नेल या संस्थेची एसए खूण असलेली हेल्मेटं गाड्यांसाठी असतात, त्यांचं आतलं अस्तर आगीला तोंड देणारं असतं. एम खूण मोटरसायकलच्या हेल्मेटवर असते. आयोजक कोणतं चालवून घेतात ते आधी विचारा, काही ठिकाणी भाड्यानेही मिळतं. आणि त्याहून आधी प्रशिक्षकासाठी पैसे ठेवा. माझ्याच व्यवसायाची जाहिरात होतेय हे कळतंय मला, पण पहिल्या दिवशी शेजारी जाणता माणूस असण्यासारखा दुसरा कुठलाही सुटा भाग बाजारात मिळत नाही.

आदल्या दिवशी गाडी पूर्ण रिकामी करा. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाने, सीटखालची पाण्याची बाटली, डॅशबोर्डवरचं सगळं, चालकाच्या पायाखालची चटईसुद्धा. घरंगळत आलेली बाटली ब्रेकच्या पेडलखाली अडकली तर काय होईल याचं चित्र मी रंगवत नाही. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, कारण लांब वळणात ते तळातल्या टाकीत एका बाजूला चढतं आणि पंप कोरडा पडू शकतो. वरच्या खुणेच्या पुढे मात्र नको. गाडी ओढून नेण्यासाठीचा पुढचा टो-हुक गाडीसोबत आलेला असतो, तो शोधून बसवून बघा. ऐनवेळी तो कुणालाच सापडत नाही. चाकांचे नट टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर चाकं थोडी निवली की पुन्हा तपासा.

प्रत्यक्ष दिवशी सकाळी सूचनांचं सत्र असतं. तिथे मागच्या रांगेत बसून फोन बघणारा माणूस दुपारपर्यंत झेंडे दाखवणाऱ्या मार्शलची बोलणी खातो. झेंडे पाठ हवेत. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, पण म्हणून जागीच करकचून ब्रेक मारायचा नाही. आरशात बघत वेग उतरवायचा आणि आयोजकांनी सांगितलंय तसं पिटमध्ये यायचं. लाल-पिवळे पट्टे म्हणजे पुढे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, तिला जाऊ द्या. काळा तुम्हाला दाखवला तर आत या, कुणीतरी तुमच्याशी बोलणार आहे. काळ्यावर नारिंगी गोळा असेल तर तुमच्याच गाडीतून काहीतरी गळतंय किंवा सुटलंय. ओव्हरटेक बहुतेक ठिकाणी पुढच्याच्या संमतीने होतं, तोही सरळ पट्ट्यात. तुम्ही हाताने किंवा इंडिकेटरने बाजू दाखवायची, ऍक्सिलरेटर थोडा सोडायचा आणि मागच्याला जाऊ द्यायचं. दिवसभर लोक तुमच्या पुढे जातील. जाऊ देत. तुमच्याहून दुप्पट ताकदीची गाडी वळणात तुमच्या पुढे रेंगाळेल आणि सरळ रस्त्यावर पळून जाईल, त्याचाही राग मानायचा नाही.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या निम्म्या जोरानेच. टायर थंड, ब्रेक थंड, आणि तुम्हाला अजून तिसरं वळण डावं की उजवं हेही नक्की माहीत नाही. शेजारी बसल्यावर मी सगळ्यात आधी माणसाचा श्वास ऐकते. नवखा चालक वळणाआधी श्वास रोखतो, स्टिअरिंग इतकं आवळून धरतो की बोटांची पेरं पांढरी पडतात, आणि नजर बॉनेटच्या टोकाशी खिळलेली असते. मग मी त्याला पुढे दिसेल ते मोठ्याने बोलायला लावते, ‘ब्रेकचा खांब, वळणाची आतली कड, बाहेरची पट्टी’. बोलायला श्वास लागतो, आणि बोलण्यासाठी आधी बघावं लागतं. दोन फेऱ्यांत हात सैल पडतात. तुम्ही एकटे असलात तरी हे करून बघा, हेल्मेटमध्ये कुणाला ऐकू जात नाही.

बाकी शिकायचं आहे ते थोडं, पण खोल आहे. ब्रेक गाडी सरळ असतानाच लावायचा आणि पहिल्या क्षणीच जोर द्यायचा. बहुतेकांनी आयुष्यात कधीच ब्रेक पूर्ण दाबलेला नसतो, चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसची थरथर पायाला लागली की ते घाबरून पाय उचलतात. उचलू नका, ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करतेय. वळणात शिरताना थोडं हळू, आतली कड थोड्या उशिराने गाठायची, आणि स्टिअरिंग सुटत जाईल तसा ऍक्सिलरेटर वाढवायचा. वळणाच्या मध्यावर भीती वाटली म्हणून ऍक्सिलरेटर झटक्यात सोडलात तर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फिरू लागतो. नवखे गरगरा फिरतात ते बरेचदा जास्त वेगाने नाही, या घाबरण्याने. ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, मुळीच बंद करू नका. डॅशबोर्डवरचा तिचा पिवळा दिवा लुकलुकला तर समजा की ती चूक तुमची होती आणि गाडीने सावरली. दोन चाकं कडेच्या मातीत गेली तर स्टिअरिंग ओढून परत यायचा हट्ट नको. सरळ जाऊ द्या, वेग उतरू द्या, मग हळूच परत या. आणि गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरा, म्हणजे ती कुठे जाणार याचा इतरांना तरी अंदाज येतो.

स्टॉपवॉच, फोनवरचं लॅप टायमर, सगळं घरी ठेवा. वेळ मोजली की माणूस सुधारणा वळणातल्या वेगात शोधतो, आणि तिथे हिशेब निर्दय आहे. त्याच वळणातून १० टक्के जास्त वेगाने जायचं तर टायरकडून २१ टक्के जास्त पकड मागावी लागते. ती शिल्लक असतेच असं नाही. शिवाय तुमच्या विम्यात ‘वेगचाचणी’ नावाचा शब्द असेल, तर चालू घड्याळ हा तुमच्याच विरोधातला पुरावा ठरेल.

विम्यावरून तुमच्या बायकोकडे येते. ‘ड्रायव्हिंगचा क्लास’ हे अगदी खोटं नाही, पण तुम्ही ते ज्या हेतूने सांगितलंत तो हेतू खोटाच आहे. विमा पॉलिसी काढून शब्दन् शब्द वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, काहींमध्ये कुठलाही बंदिस्त ट्रॅक वगळलेला असतो. म्हणजे गाडी भिंतीला लागली तर दुरुस्ती घरखर्चातून होणार. काही देशांत एका दिवसाचा ट्रॅक विमा मिळतो, मिळत असेल तर घ्या. आयोजक एका कागदावर सही घेतील, त्यात बहुधा लिहिलेलं असतं की झालेल्या नुकसानीची जबाबदारी तुमची. एवढं सगळं ज्या घराच्या जमाखर्चावर बसणार, त्या घरातल्या दुसऱ्या माणसाला ते आधी माहीत हवं. पॉलिसीचं ते पान, आयोजकांचे नियम, नव्या ब्रेक ऑइलचं बिल, हे घेऊनच बोलायला बसा. ‘काही होत नाही गं’ म्हणू नका. काय होऊ शकतं आणि त्यासाठी मी काय केलंय, हे सांगा. शर्यत नाही, घड्याळ नाही, समोरून गाडी येत नाही, शेजारी प्रशिक्षक आहे. या बाबतीत भर हायवेवर हौस भागवणाऱ्यांपेक्षा तुम्ही शंभर पटीने शहाणे आहात, हे तिला पटेल असं मला वाटतं. नाही पटलं तर तिचं ऐका. नोंदणीचे पैसे बुडतील, बुडू देत.

मुलाला या वेळी शेजारी बसवू नका. बऱ्याच ठिकाणी अल्पवयीन मुलांना चालू गाडीत बसू देत नाहीतच, पण परवानगी असली तरी नको. ज्या माणसाचं कौतुक हवंय तो शेजारी असला की उजवा पाय जड होतो. त्याला पॅडकमध्ये, म्हणजे ट्रॅकबाहेर गाड्या उभ्या करतात त्या आवारात, काम द्या. टायरची हवा तो मोजेल, खडूची रेघ तो ओढेल, वहीत आकडे लिहील, नट तपासेल. १६ व्या वर्षी गरम ब्रेकचा वास आणि हातात टॉर्क रेंच मिळाला की पोरगं दिवसभर जागचं हलत नाही. गाडी शिकायची ही सुरुवात सीटवर बसण्यापेक्षा चांगली आहे, त्याला आज पटणार नाही ते सोडा.

न्युरबुर्गरिंग पुढच्या वर्षी नको. तिथला जुना, लांब ट्रॅक, नॉर्डश्लाइफ, १९२७ मध्ये उघडला, लांबी २०.८ किलोमीटर, आणि तुमच्या ट्रॅकवर दुपारपर्यंत पाठ होतील तेवढी वळणं तिथे सुरुवातीच्या काही किलोमीटरमध्येच संपतात. आजूबाजूला बहुतेक ठिकाणी मोकळी जागा नाही, सरळ लोखंडी कठडा. १९७६ मध्ये फॉर्म्युला वनचे चालक निकी लाउडा तिथे जळत्या गाडीत अडकले, त्यानंतर फॉर्म्युला वन नॉर्डश्लाइफवर परतलं नाही. सर्वसामान्यांना खुला असतो त्या वेळी तो कायद्याने टोलचा एकमार्गी रस्ता असतो: रस्त्याचे नियम लागू, ओव्हरटेक फक्त डावीकडून, वेळ मोजायला मनाई. कठड्याला लागलात तर कठड्याचं बिल तुम्हाला. जावंसं वाटणं मला कळतं, मलाही वाटतं. पण आधी जवळच्या साध्या ट्रॅकवर पावसात एक दिवस काढा. ओल्या रस्त्यावर सगळं कमी वेगात घडतं आणि हातापायांच्या चुका लगेच उघड्या पडतात.

राहिला सोमवार. प्रत्येक सेशनची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, वरच्या गियरमध्ये काढा, म्हणजे वारा सगळं निववेल. पिटमध्ये थांबल्यावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका आणि हँडब्रेक ओढू नका, तापलेला पॅड डिस्कला एका जागी चिकटून बसतो. गियरमध्ये टाका, चाकाला अडणी लावा. दमलात असं वाटायला लागलं की तेव्हाच थांबा. आणखी एकच फेरी म्हणून दुपारी उशिरा बाहेर पडलेल्या बऱ्याच गाड्या मी टो होऊन येताना पाहिल्यात. निघायच्या आधी चाकाच्या फटीतून पुढचे पॅड बघा. तीन मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर गाडी चालवत घरी नेऊ नका, तिथेच बदलून घ्या किंवा टो करून न्या. पेडल सकाळपेक्षा मऊ लागत असेल तर सोमवारी ऑफिसला बसने जा आणि गाडी आधी मेकॅनिककडे, ऑइल पुन्हा ब्लीड करायला.